ग्लेनिसने कधी सिकी मारली नाही

बेंडिगोतल्या कोंबड्यांच्या कारखान्यात पहाटे साडेचारला फोन घ्यायला ग्लेनिस बसते. इकडे दांडीला ‘सिकी’ म्हणतात. आजारी असल्याचा फोन करायचा, दोनदा खोकायचं आणि मासे धरायला निघायचं. बावीस वर्षं ती हे खोकले ऐकतेय, पण स्वतः एकदाही सिकी मारली नाही. शाळेतही थोरली बहीण लोर्ना नदीवर हुंदडायची, आणि ही पहिल्या बाकावर! काय म्हणावं अशा बाईला?

यंदा घोड्यांच्या शर्यतीची मंगळवारची सुट्टी आली. तिच्या आधीचा सोमवार म्हणजे अख्ख्या व्हिक्टोरिया राज्याचा सिकीचा मुहूर्त. नेमकं त्याच सोमवारी सकाळी आठला, मेलबर्नला लोर्नाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. वाचेल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. लोर्नाला दुसरं कोणी नाही.

“आत नेईपर्यंत तुझा हात धरून उभी राहीन,” ग्लेनिसने शब्द दिला.

मग तिने साहेबाकडे, क्रेगकडे, सरळ रजा मागितली.

“त्या सोमवारी? डोकं फिरलंय का तुझं? सगळे आजारी पडणार. फोन कोण घेणार, माझी सासू?”

पॅकिंगमधली डॉट तर कपाळावर हात मारून म्हणाली, “अगं बाई, विचारलंस कशाला? खोकायचं होतंस! आता खरोखर मेलीस तरी तो सिकीच म्हणेल.”

विचारून ग्लेनिसने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. रविवारी रात्री तिने तीनदा फोन हातात घेतला. मेला खोकलाच येईना.

सोमवारी एकतीस जणांचे फोन आले. साडेपाचला खुद्द क्रेगचा. “पोट बिघडलंय गं.” मागे समुद्रावरचे सीगल पक्षी ओरडत होते.

“काळजी घ्या,” म्हणत तिने त्याचंही नाव लिहिलं. असा संताप आला की पर्स खांद्याला अडकवून ती दारापर्यंत गेली. मेलबर्न गाडीने दोन तासांवर, अजून वेळ होता. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. ती परत येऊन बसली.

पावणेआठला मोबाईलवर लोर्ना. “ग्लेनिस, न्यायला आलेत गं. कुठे आहेस?”

“खालीच. गाडी लावतेय.”

“मी म्हटलंच होतं नर्सला,” लोर्नाचा आवाज एकदम हलका झाला. “येणार म्हणाली म्हणजे येणार. आमची ग्लेनिस खोटं बोलत नाही.”