शेजारच्या टेबलावरचे काका

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या काकांइतके पुतणे अख्ख्या नवी मुंबईत कुणालाच नसतील, आणि त्यांतला रक्ताचा एकही नव्हता. तळोज्याच्या आमच्या केमिकल कंपनीत नोकरी मागणाऱ्याला आतल्या कुणाची तरी ओळख द्यावी लागे. साताऱ्याहून ट्रंक घेऊन आलेला असो की इथल्याच शिरवणे गावचा, गेटवर कुणी बावरलेला दिसला की काका त्याच्या अर्जात ओळख म्हणून आपला कामगार नंबर ठोकून देत. साहेब विचारत, "हा तुमचा कोण?" "पुतण्या." "आणि हा?" "ह्यो बी पुतण्याच. काय अडचण हाय?"

मग ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि आम्ही चपला बाहेर काढून शिकायला बसू लागलो. कॉम्प्युटरात खात्यांचं एक टेबल, कामगारांचं दुसरं. शिकवणारी मुलगी म्हणाली, "आता दोन टेबलं जोडा," तर काकांनी उठून आपलं लाकडी टेबल खरडत आणून माझ्या टेबलाला भिडवलं. "जोडली. म्होरं बोल." एका खात्याच्या पोटात अनेक कामगार, हे मात्र त्यांना चटकन पटलं. पण कॉम्प्युटरच्या भाषेत खातं म्हणजे आई, कामगार म्हणजे तिची मुलं, आणि आईची नोंद पुसली की मुलांच्याही नोंदी आपोआप पुसल्या जातात, हे कळल्यावर त्यांचा चहा बशीतच राहिला. पुढे रंगखातं बंद पडलं. तिथली माणसं इतर खात्यांत घ्यायची होती, पण साहेबांनी फर्मावलं, "खातं उडवा, माणसंही उडतील, मग नवीन म्हणून भरू." म्हणजे सगळ्यांची जुनी नोकरी पाण्यात! काकांनी जेवणाचा डबा उचलला आणि थेट कीबोर्डवर ठेवला. "खातं तुमी बंद केलंसा, मानसं न्हाई. पोरं घरात असताना आईला काढायचं न्हाई, असा नियम घाल पोरी आदी." मुलगी चाचरत म्हणाली, "काका, तसा नियम घालता येतो. सगळ्याच टेबलांना." "मंग घाल की!" साहेब लालबुंद झाले, मेमो देतो म्हणाले. काकांनी त्यांच्यापुढे स्वतःचं पेन धरलं. नियम घातला गेला तेव्हाच डबा उचलला गेला, तोवर भाकरी पार वाळली होती.

काका निवृत्त होऊन गावी गेले. जाताना टेबल मागे सरकवायचं विसरले, किंवा मुद्दामच तसं ठेवलं असेल. त्यांचं नाव काढायचं काम माझ्याकडे आलं. मी बटण दाबलं, तर कॉम्प्युटर ऐकेना. या नोंदीवर इतर नोंदी अवलंबून आहेत, म्हणे. ओळखीच्या रकान्यात त्यांचा नंबर लावलेले सगळे पुतणे त्यांना धरून उभे होते. तेवढ्यात साहेब आले. "अजून काढलं नाही त्यांना?"

"निघत नाहीत, साहेब," मी म्हणाले, आणि माझा डबा कीबोर्डवर ठेवून उघडला.