सीटखालची थैली

तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कोणी जुन्या दिवसांचा विषय काढला की मला आजही आधी आठवते ती एका मोटारीतली चोरी. कागदोपत्री ती किरकोळच होती. सीटखालून एक पाकीट, एक घड्याळ आणि चामड्याची एक छोटी थैली गेली होती.

तेव्हा मी उज्जैनला एका ठाण्याचा प्रभारी होतो. बाजार नुकताच खुला झाला होता, कर्ज सहज मिळू लागले होते, आणि फ्रीगंजच्या रस्त्यांवर दर महिन्याला नव्या मोटारी दिसत होत्या. लोकांनी मोटारी घेतल्या, पण सवयी घरातल्याच राहिल्या. घरी गादीखाली वस्तू लपवणारा माणूस गाडीत सीटखाली लपवू लागला. त्यातून आमचे गाव देवाचे. चामडे देवळात न्यायचे नाही, म्हणून पाकीट, पट्टा, चामडी पट्ट्याचे घड्याळ सगळे गाडीतच काढून ठेवायचे, कुलूप लावायचे, आणि निघताना पुन्हा वाकून काचेतून नेमके तिथेच बघायचे. चोराला आणखी काय हवे? पत्ता मालकच सांगून जात असे.

त्या सकाळी नानाखेड्याच्या वसाहतीत राहणारे एक मराठी जोडपे ठाण्यात आले. नवरा कॉलेजात शिकवत होता. सोबत चार-साडेचार वर्षांची मुलगी होती. मुन्शी तक्रार लिहू लागला तसा नवऱ्याने पाकिटाचा विषय बाजूला सारला.

"पर्सचं जाऊ द्या साहेब. थैलीत पोरीची कानाची मशीन होती. ती मिळायला पाहिजे."

मुलगी जन्मापासून बहिरी होती. मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेले यंत्र वर्षभरापूर्वी आले होते. छातीवर थैलीत एक डबी, तिच्यातून निघालेली तार आणि तारेच्या टोकाला कानात बसणारा साचा. सहा महिने काही झाले नाही. मग एक दिवस ती "आई" म्हणाली. हे झाले तर महाकाळाच्या दर्शनाला आणीन, असा नवस आईने बोलला होता. त्या दिवशी ती तोच फेडायला आली होती. थैली चामड्याची, म्हणून तिने ती पोरीच्या गळ्यातून काढली आणि नवऱ्याच्या पाकिटाशेजारी सीटखाली सरकवली.

"गाडीत हिफाजत राहील म्हणून ठेवली हो," एवढेच ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

डबी थैलीतून काढून पोरीच्या फ्रॉकच्या खिशात घालता आली असती, हे माझ्या जिभेवर आले होते. बोललो नाही. ज्या कानांसाठी नवस केला, तेच गाडीत ठेवून ती देवापुढे उभी राहिली होती, हे तिला माझ्याआधी कळले होते. मुलगी मोठ्याने काहीतरी बोलत होती आणि मध्येच स्वतःच गप्प होऊन आईच्या ओठांकडे बघत होती. दुसरे यंत्र मागवले तरी महिने लागणार होते, आणि डॉक्टरांनी बजावले होते की या वयात ऐकणे तुटले तर बोलणेही मागे पडते.

मी नवऱ्याकडून यंत्राचे चित्र काढून घेतले. चोराला ही डबी छोटा रेडिओ वाटणार, हे उघड होते. म्हणून सोनारांकडे न जाता शिपायांना रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत पाठवले. तिसऱ्या दिवशी फ्रीगंजमधल्या एका मेकॅनिकने चित्र ओळखले. एक माणूस आला होता, म्हणाला की रेडिओला स्टेशन लागत नाही. मेकॅनिकने त्याला हसून सांगितले की हा रेडिओ नाही, बहिऱ्यांची मशीन आहे. त्यावर त्या माणसाने दोनदा विचारले की याने खरेच ऐकू येते का, आणि विकायची गोष्टही न काढता डबी घेऊन गेला. बोटे झेंडूने पिवळी झालेली होती, एवढे मेकॅनिकच्या लक्षात होते.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत मी मेकॅनिकला घेऊन देवळाजवळच्या गाड्या लावायच्या मैदानात उभा राहिलो, चोरी तिथेच झाली होती. चाळिशीचा एक हारवाला गाड्यांमधून फिरत होता. लोक हार बघत होते आणि तो त्यांचे हात बघत होता. मेकॅनिकने मान हलवली.

चौकशीत त्याने फार त्रास दिला नाही. घड्याळ कुठे विकले ते सांगितले, पाकीट कोणत्या नाल्यात टाकले ते दाखवले. यंत्राचे विचारले की मात्र एकच उत्तर, नदीत फेकले. माझे हवालदार जुन्या वळणाचे होते, बाह्या सरसावू लागले. मी त्यांना बाहेर चहा घ्यायला पाठवले. मोठे कबूल करणारा माणूस लहान गोष्टीपुरते खोटे बोलतो, तेव्हा त्या लहान गोष्टीत त्याचा जीव अडकलेला असतो, हे मला ठाऊक होते. मी त्याला मुलीबद्दल सांगितले. ती जन्मापासून कशी गप्प होती, मग काय बोलली आणि आता पुन्हा कशी ओठ बघते, तेवढेच.

"माँ के पास है, साहब," तो म्हणाला. "दस साल से कुछ नहीं सुनती थी."

पंच घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. अरुंद गल्लीतली एक खोली. म्हातारी झेंडूच्या ढिगापाशी बसली होती. मुलीच्या कानाचा साचा हिच्या कानात कसा बसणार? डाव्या हाताने तिने तो कानाशी दाबून धरला होता आणि उजव्या हाताने फुले निवडत होती. आम्ही उंबऱ्यापाशी पोचायच्या आत तिने विचारले, "कौन आया?" मुलगा म्हणाला, चार दिवस ती हेच करते आहे. कोण आले, कोण गेले, कुकरची शिटी झाली, सगळे सांगते. त्याचा खोकला ऐकून तिने त्याच्या विड्या फेकून दिल्या होत्या.

माझी वर्दी पाहून ती समजली असावी. मी समोर बसलो आणि मोठ्याने सांगू लागलो. तिने हात वर केला.

"धीरे बोलो साहब. सब सुनाई देता है."

मग मी हळू आवाजात सगळे सांगितले. एवढ्या हळू आवाजात मी त्या आधी कोणाच्या घरी जप्ती केली नव्हती. ऐकून तिने मुलाकडे एकदा पाहिले, साचा पदराने पुसला आणि डबीसकट माझ्या हातात ठेवला.

"मैंने तो बहुत सुन लिया. अब वो सुने."

पंचनामा लिहिताना माझ्या हवालदारांचे अक्षर बिघडले.

कायद्याने जप्त केलेला माल मालखान्यात जातो आणि खटला संपेपर्यंत तिथेच पडून राहू शकतो. मी दुसऱ्याच दिवशी मालकाच्या ताब्यात देण्याचा अर्ज न्यायालयात लावून घेतला. न्यायाधीशांनी विचारले, वस्तू यांचीच कशावरून? पावती मुंबईच्या डॉक्टरांकडे राहिलेली. तेव्हा नवऱ्याने सांगितले की साचा प्रत्येक कानाच्या मापाचा बनवतात, दुसऱ्या कानात तो बसत नाही. न्यायाधीशांच्या परवानगीने मुलीच्या कानात साचा घातला. तो बरोबर बसला. न्यायाधीश लिहायला खाली वाकले, इतक्यात मुलीच्या पाठीमागे उभी असलेली आई अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "बाळा, घरी जायचं ना?"

मुलगी वळली. "आई," म्हणाली आणि तिला बिलगली. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

हारवाल्याचा गुन्हा पहिलाच होता आणि त्याने तो कबूल केला, म्हणून पुढे त्याला चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडले. म्हातारीला सरकारी रुग्णालयातून यंत्र मिळावे म्हणून अर्ज मीच लिहिला होता. माझी बदली झाली, आणि ते मिळाले की नाही हे मी पुन्हा कधी विचारले नाही. याची खंत आहे.

या प्रकरणानंतर मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत आलो, की मौल्यवान वस्तू मैदानात पोचल्यावर लपवू नका, घरून निघतानाच डिकीत बंद करा. आणि जिच्यावाचून कोणाचे अडते, ती अंगावेगळी करूच नका. देव समजून घेतो. माणसांबद्दल जे शिकलो, ते असे एका वाक्यात सांगता येत नाही.

यंत्र परत मिळाले त्याच दिवशी संध्याकाळी मी म्हातारीच्या गल्लीत पुन्हा गेलो. म्हातारी एकटी होती. या वेळी मी दारात उभा राहिलो तरी तिला कळले नाही. खांद्याला हात लावला तेव्हा तिने वर पाहिले आणि मुलाची चौकशी करायच्या आधी विचारले, "छोरी ने सुना?" मी मान हलवली. तिचे समाधान झाले नाही. बोलून सांगा, म्हणाली. मी खाली वाकलो आणि कवायतीच्या मैदानावर काढायचो तो आवाज काढून तिच्या कानात ओरडलो, "हाँ माँजी, सुन लिया! पलटकर देखा!" शेजारची दारे उघडली, माणसे बाहेर आली. मला आणखी दोनदा ओरडावे लागले. मग ती हसली, आणि पुढ्यातला ताजा हार उचलून मुलीसाठी म्हणून माझ्या हातात दिला.

आरोपीच्या घरून काहीही घ्यायचे नाही, हा नियम मी नोकरीभर पाळला. तो हार मात्र मी घेतला, नानाखेड्याला जाऊन पोचवला, आणि ठाण्याच्या रोजनामच्यात त्याची नोंद केली नाही.