दाताखालची लवंग

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी हलगीवाल्यांचं रेकॉर्डिंग करत होतो. काचेपलीकडे चार हलग्या कडकडत होत्या आणि मी फोनवर ओरडत होतो, "काय? मोठ्यानं बोला की." पलीकडे त्यांचा कागलचा भाचा सुरेश होता. "अक्का गेली ओ... सकाळी च्या पिऊन खुर्चीत बसली, ती बसलीच." ही बातमी मी त्याला तीनदा मोठ्यानं सांगायला लावली. दीड महिना झाला, त्याची लाज अजून गेलेली नाही.

कुमुदअक्का पियानो वाजवायच्या, हे कोल्हापुरात फार जणांना ठाऊक नव्हतं. कागलच्या जैन शेतकरी घरातली ही मुलगी शिष्यवृत्ती मिळवून आर्मेनियाला गेली, तिथं सहा वर्षं शिकली, पुढं बऱ्याच देशांत मैफली केल्या आणि आईच्या आजारपणात परतली ती राजारामपुरीतल्या दोन खोल्यांत कायमची राहिली. त्यातली एक खोली पियानोनंच भरलेली. मी भजनी मंडळं आणि लग्नातले बेंजो रेकॉर्ड करणारा माणूस. एक दिवस त्या माझ्या दुकानात आल्या आणि सरळ विचारलं, "पावणं, पियानो धरतंय का तुमचं मशीन?"

त्यांना बारा रचना ध्वनिमुद्रित करायच्या होत्या. अर्ध्या तिकडच्या शास्त्रीय मैफलीतल्या आणि अर्ध्या तिथल्याच खेड्यापाड्यातली गाणी पियानोवर आणलेली, साऱ्या त्यांच्या तिकडच्या बाईंनी शिकवलेल्या. "बोटं आखडायला लागल्यात. त्याच्या आधी उरकूया," त्या म्हणाल्या. मग उन्हाळाभर मी रोज दुपारी तीनला यंत्रं घेऊन त्यांच्याकडे जायचो. पंखा बंद करायचा, खिडक्या लावायच्या, शेजारच्या काकूंना कुकर लावू नका म्हणून सांगून यायचं. घामानं आम्ही दोघं निथळायचो. स्टुलावर घडी घातलेली वाकळ, तिच्यावर अक्का. पहिलंच गाणं नांगर धरणाऱ्याचं होतं. "हे आपल्या कागलच्या शिवारातलंच हाय बघ," त्या म्हणाल्या, "बैलं तेवढी तिकडची." आणि खरंच, संथ चालणाऱ्या त्या सुरांत मला फाळाखाली उलटणारी माती दिसायला लागली.

पण अक्का वाजवताना गुणगुणायच्या. बाईंचा नियमच होता म्हणे, गाणं आधी गळ्यात बसवायचं, तोवर पियानोला हात लावायचा नाही. त्यामुळे बोटं हलली की गळा हलायचाच. जाडसर, थोडा फाटका आवाज, शब्द आर्मेनियन आणि हेल मात्र कागलचा. माझ्या कानाला तो खरखरीसारखा बोचला. मी त्यांना मध्येच थांबवलं. दुसऱ्या दिवशी पियानोवर एक पितळी डबी होती. वाजवायच्या आधी अक्कांनी तिच्यातली एक लवंग काढून दाताखाली धरली. तोंड मिटलेलं राहायला हा उपाय. उरलेलं सगळं रेकॉर्डिंग त्यांनी असंच दात आवळून केलं. तरीही जिथं गळ्यातून सूर निसटला, तिथं मी आठ दिवस कॉम्प्युटरवर बसून तो घासून काढला. मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटला होता.

सगळं तयार झाल्यावर त्यांना ऐकवलं. अक्का डोळे मिटून शेवटपर्यंत बसल्या. मग म्हणाल्या, "चांगलं झालंय. कोण वाजवतंय?" मी हसलो. मला वाटलं, कौतुक करतायत... त्या हसल्या नव्हत्या, हे आता आठवतं.

शोकसभेच्या आधी सुरेश माझ्याकडे आला. बारा रचनांचा पेन ड्राइव्ह मी त्याच्या हातात ठेवला. त्यानं तो परत टेबलावर ठेवला. "हे न्हाय ओ. अक्काचा आवाज हाय का तुमच्याकडं? घरात फोटो हायत ढीगभर, आवाज कुठंच न्हाय." मी म्हटलं, शोधतो. आणि जे मी माझ्या हातानं पुसलं होतं, तेच शोधत बसलो. मूळ रेकॉर्डिंगच्या डिस्कवर केव्हाच लग्नं आणि पालख्या चढल्या होत्या. शेवटी एका जुन्या फोल्डरमध्ये 'खराब' नावाची एक फाइल सापडली.

नांगरणीचं तेच गाणं, पहिल्या दिवसाचं. वाकळेची सळसळ, एक श्वास, पियानो आणि त्याच्यावर अक्कांचा आवाज, मोकळा, स्वतःतच रमलेला. मिनिटभर तो चालतो. मग माझा आवाज येतो, "अक्का, थांबा. तुमचा आवाज येतोय."

पियानो थांबतो. आणि मग अक्का म्हणतात, "येतोय व्हय? बरं बाबा, गप्प बसते."

सुरेशनं ही फाइल ऐकली आणि लहान मुलासारखा रडला. जाताना अक्कांच्या घरून आणलेली ती लवंगांची डबी माझ्यापाशी ठेवून गेला. शोकसभेत लावायला माझं बोलणं काढून देऊ का, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "नको. ते काढलं तर ती बोलती कुणाशी?"

डबीत अजून सात-आठ लवंगा आहेत. दुपारी तीन वाजले की मी दुकानातला पंखा बंद करतो, फाइल लावतो, आणि माझं वाक्य जवळ यायला लागलं की एक लवंग दाताखाली धरतो. पण ते वाक्य येतंच. आणि अक्का रोज, तितक्याच समजूतदारपणे, गप्प बसतात.