उजवं पान

वहीवाले मास्तर एका बाजूने बोलून कधीच थांबत नसत. "आता उजवं पान ऐक," म्हणत आणि आपल्याच म्हणण्याविरुद्ध तितक्याच तळमळीने बोलू लागत. मला तेव्हा तो भित्रेपणा वाटे.

नव्वदच्या दशकात ते बहारीनमधल्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते; 'मास्तर' हे आम्ही पोरांनी ठेवलेलं नाव. नगरकडचे ख्रिस्ती. शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी माहूज भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर दहा-बारा मराठी तरुण बायबल घेऊन जमत. प्रार्थनेआधी प्रत्येकाने एक शंका विचारायचीच, हा मास्तरांचा नियम. "चपला बाहेर ठेवा, डोकं आत आणा," असं दारातच सांगत. मीही तिथेच नोकरीला; बौद्ध, वडिलांच्या पिशवीतली चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला. मी भांडायलाच जायचो.

"काय पत्रकबहाद्दर, आज कोणाला झोडायचंय?" चहा पुढे करत ते विचारत.

त्यांच्या वहीत सुरुवातीच्या ख्रिस्ती गुरूंचा वाद उतरवलेला होता. डाव्या पानांवर ग्रीक तत्त्वज्ञान नाकारणारे: श्रद्धा मिळाली, आता तर्क कशाला? उजव्या पानांवर दुसरे: बुद्धीही देवानेच दिली, ग्रीकांना सापडलेलं सत्यही त्याचंच. "वही मिटली की दोघं एकमेकांना टेकून झोपतात," मास्तर हसत.

ती वही मी वाचायला मागून नेली. ऑफिसच्या मशीनवर फक्त डाव्या पानांची झेरॉक्स काढली. वर मथळा दिला, 'बुद्धीचे शत्रू, त्यांच्याच अक्षरात', खाली अभिमानाने माझं नाव घातलं आणि ते पत्रक फ्लॅटोफ्लॅटी वाटलं.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम गेलो नाही. नंतर कळलं, एकाने पत्रक मास्तरांपुढे आपटलं होतं. "शंका विचारा म्हणता आणि वहीत हे लिहिता?" दुसरी बाजू दाखवायला वही त्यांच्याकडे नव्हती. ती माझ्या उशाशी होती.

दोन शुक्रवारांनी मी ती परत केली, तेव्हा फ्लॅटवर मास्तर एकटेच होते.

"उजवी पानं राहिली वाटतं. मशीन बिघडलं होतं का रे?"

"हो," मी म्हणालो.

"खलास, विषय संपला. होतं असं," म्हणत त्यांनी दोन कप भरले.

पोरं पुन्हा आलीच नाहीत. वर्षभरात मास्तर व्हिसा संपवून नगरला परतले. जाताना वही मला दिली. शेवटच्या डाव्या पानावर माझं पत्रक चिकटवलं होतं. समोरचं पान कोरं होतं.

त्या पानासाठी मी किती युक्तिवाद रचले आणि फाडले. काल तिथे पहिली ओळ लिहिली:

मास्तर, मशीन ठीक होतं.