मुठीतला पाला

परवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात निरगुडीचा उग्र वास आला आणि सुमन आठवली, माझी नववीतली मैत्रीण.

तिचा भाऊ तापाने फणफणला होता. रानातल्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालून आणलेला निरगुडीचा पाला आजाऱ्याच्या हाती पडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, असा आमच्या मये गावातला नेम. पाला मुठीत घट्ट धरून ती धावत होती, मागे मी.

अंगणात माणसं जमली होती. "बाये, गेलो गो तुझो भाव," तिची आई रडत म्हणाली.

सुमन गप्पच. आत जाऊन तिने पाला त्याच्या गार हातात ठेवला, मगच माझ्याकडे वळली.

"मी नेम मोडूक नाय गो."

मोडला असता तर बरं झालं असतं. दोष द्यायला काहीतरी उरलं असतं.