शेजाऱ्याचा पाशा

त्या जनरलला मी कधी पाहिलं नाही, पण त्याच्याइतका राग मला फार थोड्या जिवंत माणसांचा आला असेल.

तो हॉलंडमध्ये फेल्डहोवनला राहणाऱ्या आमच्या शेजाऱ्याचा पणजोबा. शेजारी तुर्की, माझ्यासारखाच इंजिनिअर. वयाने लहान म्हणून मला ‘आबी’, म्हणजे दादा, म्हणायचा. पहिल्या लॉकडाउनमध्ये दोघंही घरून काम करत होतो. संध्याकाळी मागच्या बागेत दीड मीटरचं अंतर राखून कुंपणावरून बोलायचो. पाशाच्या, म्हणजे त्या जनरल पणजोबाच्या, पुण्यतिथीला इझमीरला जमणारं त्यांचं कुटुंब त्या वर्षी ऑनलाइन जमणार होतं. लंडन-बर्लिनच्या भावंडांसाठी पाशाच्या कारकिर्दीच्या स्लाइड्स इंग्रजीत हव्या होत्या. मी सनावळ्या नीट लावतो हे त्याला माहीत होतं. मी हो म्हटलं.

पाशा इस्तंबूलच्या लष्करी शाळेतून बाहेर पडला तो सुलतानाचा अधिकारी म्हणून. बाल्कनच्या युद्धात त्यांचं सैन्य हरलं आणि याला बढती मिळाली.

“हरल्यावर बढती?” मी विचारलं.

“माघार शिस्तीत घेतली ना, आबी.”

पुढे सुलतान बुडायला लागल्यावर तो अंकाराच्या बंडखोर सरकारच्या बाजूला गेला. प्रजासत्ताक आलं तसा जनरल झाला. फेझ टोपी गेली, हॅट आली, कायद्याने आडनाव आलं, शेवटी संसदेत खुर्ची. दर वेळी योग्य बाजूला योग्य वेळी हजर. हे मी स्लाइडवर लिहिलं नाही, बायकोला मात्र ऐकवलं.

“अहो, पाशाचा पोवाडा झाला असेल तर जेवायला बसा,” ती म्हणाली. “पोळ्या गार होतायत.”

दुसऱ्या दिवशी शेजारी खुशीत होता. “आजचा भाग तुम्हाला आवडेल. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, आताच्या इराकमध्ये, कूतला इंग्रज शरण आले, त्या कैद्यांचा एक तांडा वाळवंटातून न्यायचं काम पाशाकडे होतं. तुमच्यावर राज्य करणाऱ्यांना त्याने पायी चालवलं.”

“त्या कैद्यांत इंग्रजांपेक्षा आमची माणसं जास्त होती,” मी म्हणालो. “माझा पणजोबा होता.”

तो हसायच्या बेतात होता, थांबला.

पणजोबा मराठा पलटणीत शिपाई. कूतला कैद झाला एवढं घरी कळलं, पुढे काही नाही. मेल्याची तिथी माहीत नाही, म्हणून आमच्याकडे त्याचं श्राद्ध सर्वपित्रीला, बाकी सगळ्यांबरोबर. वडील साताऱ्यात, वय झालेलं, बाहेर साथ. निदान एकदा त्याच्या स्वतःच्या तिथीला त्याचं पान वाढावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मी शेजाऱ्याला म्हणालो, “तुझ्या आईंना विचार. तांडा कुठून गेला, माणसं कुठे, कधी मेली, पाशा काही बोलला असेल.”

दोन दिवसांनी तो कुंपणाशी आला. “आई म्हणते, कैद्यांबद्दल तो कधीच बोलला नाही. पण त्या वाटेवर त्याची घोडी मेली, त्याबद्दल बोलायचा. ती आजारी पडली म्हणून सगळा तांडा दिवसभर थांबवला होता, त्याच दिवशी ती मेली. तो दिवस घरात अजून पाळतात. पाशा त्या दिवशी जेवत नसे. घोडीची एक स्लाइड करू या.”

“माणसांसाठी किती वेळा थांबला?”

“आबी, तुमची माणसं इंग्रजांच्या पगारावर आमच्या देशात लढायला आली होती.”

हे खरं होतं, आणि त्यानेच राग जास्त वाढला. मी घोडीची स्लाइड केली. तारीख घातली. खाली लिहिलं: याच वाटेवर हिंदी कैदी मेले, त्यांची तारीख पाशाच्या कुटुंबाला माहीत नाही.

“शेवटची ओळ काढा,” तो म्हणाला.

“ओळ काढायची तर माझं सगळं काम काढ आणि तू नव्याने कर.”

त्याने तसंच केलं. पुण्यतिथीच्या दिवशी त्याच्या खिडकीतून टाळ्या ऐकू आल्या.

रविवारी वडिलांचा फोन आला. “काही कळलं का?”

“पाशाची घोडी कधी मेली ते कळलं. तिच्यासाठी तांडा थांबवला होता म्हणे.”

ते म्हणाले, “घोडी मेल्यावर तांडा थांबला होता म्हणतोस?”

“आजारी पडली तेव्हा. दिवसभर.”

“म्हणजे त्या दिवशी आपल्या माणसाला बसायला मिळालं असेल,” ते म्हणाले. “तोपर्यंत जिवंत असला तर. तारीख सांग, पंचांगात तिथी बघतो.”

पाशाच्या घोडीची तारीख मला त्यांना द्यायची नव्हती. तरी दिली.