पुस्तकात नसलेलं वाक्य

मागच्या महिन्यात तुमच्यापैकी एकीने फोनवर विचारलं, "आजी, शरीराबद्दल काही विचारायचं असलं तर तू तेव्हा कुणाला विचारायचीस?" मी "कुणालाच नाही" म्हणाले आणि तिकडे थंडी किती आहे ते विचारलं. ते खरं नव्हतं. आम्ही तीन ठिकाणी विचारलं होतं. तिसऱ्या ठिकाणी उत्तर मिळालंही होतं. ज्या मुलीला ते हवं होतं तिच्यापर्यंत मी ते पोचू दिलं नाही.

आज मी जिथे राहते त्याला नवी मुंबई म्हणतात. तेव्हा इथे खाडी, खारजमिनीतली भातशेती आणि मिठागरं होती. माझे वडील मिठागरावर कारकून होते. आमच्या शेजारी एका आगरी शेतकऱ्याचं घर होतं. त्यांची मुलगी माझ्याहून वर्षाने मोठी. तिची आई लहानपणीच गेलेली, घर आत्या चालवायची. ही मुलगी शाळेत कधी गेली नाही. मी पनवेलला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले आणि मॅट्रिक होऊन घरी आले, तेव्हा ती अठरा ओलांडून गेली होती आणि तिला अजून पाळी आलेली नव्हती.

हे लपून राहणारं नव्हतं. कोण 'बाहेरची' आहे हे आमच्या गावात सगळ्यांना कळे. बाई तीन दिवस मागच्या पडवीत बसे आणि चौथ्या दिवशी तळ्याच्या टोकाला असलेल्या काळ्या दगडावर फडकी धुई. तो दगड त्याच कामाचा होता. तिथे कोण दिसलं, कोण दिसलं नाही, याची नोंद बायकांच्या डोक्यात पक्की असे. तिच्याबद्दल कुजबुज सुरू झालीच होती.

एके दिवशी ती मला म्हणाली, "तुझी फडकी मना दे धुवाला."

"शी! माझी? कशाला?"

"दगडावर बायका काय बगतान? फडकी बगतान. कोनाची ती कोन इचारतंय?"

"आणि मी काय धुऊ?"

"तू मॅट्रिक हायस ना? तू पुस्तक धू."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. आणि मग ते खरंच सुरू झालं. मी बाहेर बसले की तीही तिच्या पडवीत बसे. चौथ्या दिवशी पहाटे मी अर्धी फडकी स्वतःला ठेवून बाकीचं बोचकं कुंपणावरून देई. ती सगळ्यांसमोर दगडावर ती आपटून आपटून धुई, जरा जास्तच आवाज करून. आत्याने देवीला नारळ फोडला. सातव्या महिन्यात तळोज्याच्या बाजूचं स्थळ आलं आणि लग्न ठरलं.

तेव्हा ती घाबरली. "तिकडं मी कोनाची फडकी धुवू?" तिने विचारलं. मग आम्ही विचारत सुटलो.

पहिली सुईण. 'माझी एक मैत्रीण आहे' असं सांगून मी विचारलं. ती म्हणाली, देवीचा कोप आहे, कच्ची पपई आणि तीळगूळ खाऊ घाला. मैत्रिणीने महिनाभर खाल्लं. तिच्या तोंडाला फोड आले, बाकी काही झालं नाही.

दुसरं, जत्रेत मिळणारं एक पातळ पुस्तक. वर बाईचं चित्र, विकणारा ते वर्तमानपत्रात गुंडाळून देत होता. मी डोक्यावरून पदर घेऊन ते आणलं. आत पुरुषांसाठी भस्मं आणि वशीकरणाचे उपाय. ज्या बाईचं चित्र वर होतं तिच्या शरीराबद्दल आत एक ओळ नव्हती.

तिसरं पनवेलला. मावशीचे यजमान डॉक्टर होते. त्यांच्या दवाखान्यातल्या कपाटात, बाटल्यांच्या मागे, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. ते जेवून आडवे झाले की मी ते काढी. तीन दुपारी लागल्या. पहिल्या दोन दुपारी सगळीकडे 'प्रत्येक मुलगी' असंच लिहिलेलं. प्रत्येक मुलीला हे होतं, प्रत्येक मुलीला ते होतं. तिसऱ्या दुपारी, मागच्या बाजूला, बारीक टाइपात तो परिच्छेद सापडला. मी तो वहीच्या कागदावर इंग्रजीतच उतरवून घेतला. माझं अक्षर तेव्हाही चांगलं होतं.

कागद घेऊन मी घरी आले. लग्नाला बारा दिवस होते. ती कुंपणापाशी उभीच होती. हात ओले होते, भांडी टाकून आली होती.

"काय लिवलाय?"

कागदावर लिहिलं होतं की लग्नाआधी डॉक्टरांना दाखवावं. म्हणजे आत्याला सांगणं आलं. आत्याला सांगायचं तर फडकी कुणाची होती तेही आलं. माझ्या आईपर्यंत जाणार, गावभर होणार. माझंही एक स्थळ बघणं चाललं होतं, मुलगा मुंबईत नोकरीला होता. तोच पुढे तुमचा आजोबा झाला. हे सगळं मी एका क्षणात मनात मांडलं, नीट, एकाखाली एक. आणि म्हणाले, "काही मुलींना उशिरा येते. लग्नानंतर सगळं सुरू होतं, असं लिहिलंय."

"इंग्रजीन लिवलाय?"

"हो."

तिने माझा हात घट्ट धरला. तिच्या हाताला राख आणि साबण लागला होता. तो ओलावा मला अजून मनगटावर जाणवतो, कोरड्या उन्हातही.

सासरी पहिल्या महिन्यात ती बाहेर बसली नाही. दुसऱ्यातही नाही. सासूला वाटलं, दिवस गेले. दुसरं काय वाटणार? नव्या सुनेची पाळी चुकली याचा एकच अर्थ त्या घरात माहीत होता. तिला ताज्या मासळीचं कालवण मिळू लागलं, जड उचलू देईनात. आणि ती काही बोलली नाही, कारण तिलाही वाटलं की लग्नानंतर सगळं सुरू होतं म्हणतात ते हेच, दिवस जाणंच असेल. माझं वाक्य तिने धरून ठेवलं होतं. पाचव्या महिन्यात ओटी भरायची म्हणून सुईणीने पोट चाचपलं. पोट रिकामं होतं. मग त्या घरात ठरलं की हिने पोटातलं पोर खाल्लं.

तिला माहेरी आणून सोडलं तेव्हा गावातल्या बायका आपली पोरं पदराखाली घेत होत्या. ती सरळ माझ्याकडे आली. माझं लग्न ठरलं होतं, आई पापड लाटत होती, म्हणून आम्ही परसात उभ्या राहिलो.

"तो कागद दे," ती म्हणाली. "माझा दीर इंग्रजी वाचतंय. त्याला दावते. मी पोर नाय खाल्ला. लिवलेला हाय ना, उशिरा येतं म्हनून?"

कागद घरात होता, माझ्या ट्रंकेत, तळाशी. दिराने तो वाचला असता तर ती निर्दोष आहे हे त्याला कळलं असतं. आणि मी तिला खोटं सांगितलं हेही कळलं असतं.

"फाडून टाकला," मी म्हणाले.

ती रडली नाही. म्हणाली, "मना वाचाला येत नाय. तुना येतं. म्हनून तुझा खरा मानला." आणि गेली. आठवड्याने ती मुंबईच्या लाँचमध्ये बसताना कुणीतरी पाहिली. त्यानंतर कुणीच नाही. तिच्या बापाने शोधही घेतला नाही.

तळं कधीच भरून टाकलं. दगडाचं काय झालं माहीत नाही, बहुतेक आमच्या सोसायटीच्या खालीच असेल. माझी पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी महिन्यातून एकदा पहाटे दगडावर फडकं आपटल्याचा आवाज येतो. मी उठून गॅलरीत जाते. खाली वॉचमन खुर्चीत बसलेला असतो, नळ बंद असतो.

तो कागद मी फाडला नव्हता. मजकूर असा आहे: काही स्त्रियांना जन्मजात कारणाने पाळी कधीच येत नाही. यात त्यांचा किंवा त्यांच्या आईचा दोष नसतो. त्यांना बहुधा मूल होणार नाही, पण बाकी आयुष्य त्या इतर कुणाहीसारखं जगू शकतात. लग्नाआधी चांगल्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावं, आणि जे कळेल ते त्या स्त्रीला स्वतःला सांगावं.

हे भाषांतर माझं आहे. माझ्या भाषांतरावर एकदा एकीने विश्वास ठेवला होता. म्हणून मूळ कागदही याच पाकिटात घालते आहे. घड्या जपून उलगडा, आणि ओळीला ओळ लावून ताडून बघा.